खोट्या शिफारशींची आवक

माझ्या थोरल्या नणंदेच्या हातून एखादा खोटा कागद खरा म्हणून पुढे जाईल, त्या दिवशी यमुना आग्र्याकडून दिल्लीकडे वाहू लागेल, असे मी पूर्ण विचारान्ती सांगते. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवले. विधान केले की त्याला पुरावा जोडावा, ही सवय मला तिथेच लागली. तेव्हा विधान झाले, आता पुरावे देते. वन्सं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षे आवक-जावक विभागात होत्या. आलेले टपाल ते आवक आणि पाठवलेले ते जावक. दोहोंची नोंद करायची, क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा. इतरांच्या दृष्टीने हा त्या इमारतीतला सर्वांत रुक्ष कोपरा होता. वन्संच्या दृष्टीने मात्र सारे सरकार त्याच कोपऱ्यातून आत येई आणि त्याच कोपऱ्यातून बाहेर पडे. वरच्या चार मजल्यांवर जे काही चाले तो केवळ विलंब.

निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडून त्या आमच्याकडे गाझियाबादला राहायला आल्या. मेट्रो तेव्हा नुकतीच वैशालीपर्यंत पोहोचली होती, आणि आमच्या सोसायटीच्या भोवती काल ज्या शेतात फ्लॉवर होता तिथे आज बारा मजले उभे राहत होते. अशा नव्या वस्तीत कोण कुठून आले हे कोणालाच ठाऊक नसते, ही गोष्ट वन्संना फार खटकली. फाटकावर पाहुण्यांची वही असे, आणि तिच्यात 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लोक 'काम' असे लिहीत. चौथ्याच दिवशी वन्संनी ती वही मागवून घेतली, लाल रेघा आखल्या आणि चौकीदाराला समोर बसवून सांगितले, "भैया, काम तो सबको होता है। क्या काम, किसके यहाँ, कितने बजे आया, कितने बजे गया। जो गया नहीं, वो अंदर है। समझे?" चौकीदार फौजेतून निवृत्त झालेला, इतक्या वर्षांनी कोणीतरी स्पष्ट हुकूम दिला याचा त्याला आनंदच झाला. महिनाभरात त्या वहीवरून उघडकीला आले की एक सभ्य दिसणारे गृहस्थ तीन आठवडे 'अंदर'च आहेत. बिल्डरच्या न विकल्या गेलेल्या फ्लॅटमध्ये त्यांनी परस्पर संसार थाटला होता. सोसायटीच्या गणपतीच्या आरतीलाही ते पुढच्या रांगेत असत. सेक्रेटरींनी त्यांना बाहेर काढले तेव्हा वन्संनी फक्त वहीत त्यांची जाण्याची वेळ लिहिली.

पाकीट त्या तीन बाजूंनी उघडतात आणि मग उलगडून उजेडासमोर धरतात, कारण एका बाजूने उघडलेले पाकीट म्हणजे, त्यांच्या मते, अर्धेच वाचलेले पत्र. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर 'प्राप्त' असा शिक्का आणि तारीख पडते; मुंजीच्या आमंत्रणाला पोच जाते. आपण परदेशी मोटार जिंकल्याचे एक रंगीत पत्र मला एकदा आले. मी हसून ते टाकणार, तोच वन्संनी काढून घेतले आणि दोन ओळींचे उत्तर धाडले: 'सदर मोटार कोणत्या आदेशान्वये मंजूर झाली, त्या आदेशाची प्रत पाठवावी.' उत्तर आले नाही. सहा महिन्यांनी त्यांनी स्मरणपत्र पाठवले. मी म्हटले, "वन्सं, ते लबाड आहेत हो, त्यांना कसली स्मरणपत्रं?" त्यावर त्या म्हणाल्या, "लबाड आहेत हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदावर कुठे आहे?"

इतके सांगितल्यावर वाचकांना वाटेल की ही एका जुन्या काळच्या कारकून बाईंची गंमत आहे. मलाही तसेच वाटे. माझे मत बदलले ते माझ्या मुलीच्या कारखान्यावर संकट आले त्या हिवाळ्यात.

माझी मुलगी नंदिनी लहान मुलांसाठी खास बूट बनवते. ज्यांची पावले जन्मतः वाकडी असतात, ज्यांचा एक पाय दुसऱ्याहून बोटभर आखूड असतो, त्यांच्यासाठी बाजारात बूट मिळत नाहीत; प्रत्येक पावलाचे माप घेऊन लाकडी फर्मा घडवावा लागतो आणि त्यावर चामडे चढवावे लागते. हे काम आग्र्याहून आलेले एक उस्ताद करतात. कोणाचे पाऊल नुसते तळहातावर धरून ते सांगत, "बेटी, ये बच्चा दाईं एड़ी पर रोता है।" गाझियाबादच्या औद्योगिक वसाहतीत तळमजल्याच्या दोन खोल्या, उस्ताद आणि त्यांच्या हाताखालचे तीन कारागीर, एवढाच हा कारखाना. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसतही नाही. मेरठ, मानेसर, रेवाडीकडून आईबाप येत ते बहुतेक एकाच वाटेने: इंटरनेटवर 'मुलांचे खास बूट' असे शोधले की नंदिनीच्या वेबसाइटचे नाव सर्वांत वर येई. ती साइट माझ्या जावयाने, सुमेधने, उभारली होती. तो नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवडाभर तिथले काम करून रविवारी हे घरचे काम पाही.

वन्सं दुपारी कारखान्यात जाऊन बसू लागल्या आणि आल्या आल्या त्यांनी एक नियम केला: कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक ईमेलवर जावक क्रमांक हवा. सुमेध हसून हसून खुर्चीत मागे कलला. "आत्या, ईमेलला जावक क्रमांक? यार, ये तो बिल्कुल सरकारी हो गया!"

"मी तुझी यार नव्हे. आणि सरकारी ही काय शिवी आहे?"

"तसं नाही, पण ईमेल आपोआप सेव्ह होतो ना."

"सेव्ह होणं वेगळं आणि नोंद होणं वेगळं. पाठवलं कोणी, ते कोण सांगणार? नंदे, लिही. जावक एक."

नंदिनी आत्याला कधीच नाही म्हणत नाही. तिने लिहिले. लखनौचे एक हाडांचे डॉक्टर आपल्या रुग्णांना आमच्याकडे पाठवीत; त्यांना गेलेल्या पत्रावर जावक क्रमांक सोळा पडला आणि त्यांनी कौतुकाने उलट विचारले की आपला कारखाना कोणत्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

दिवाळीनंतर एका रविवारी सुमेध पेढे घेऊनच घरी आला. त्याने सांगितले की दुसऱ्या एखाद्या साइटने आपल्या साइटकडे बोट दाखवले, म्हणजे लिंक दिली, की शोधयंत्र ती आपल्या बाजूची शिफारस समजते. आणि गेल्या आठवड्याभरात चारशेहून अधिक साइट्सनी नंदिनीकडे बोट दाखवले होते. आम्ही पेढे खाल्ले. मी शेजारीही वाटले. दिल्लीत राहून आपल्या मुलीचे नाव एवढ्या ठिकाणी झाले, याचा मला आईच्या नात्याने अभिमान वाटला, हे कबूल करते. वन्संनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "चारशे? एका आठवड्यात? त्यांना कोणी सांगितलं?" एवढेच त्या म्हणाल्या.

डिसेंबर संपता संपता कारखान्यातला फोन वाजेनासा झाला. आधी वाटले थंडीमुळे; मग धुक्यामुळे; मग सुमेधने शोधून पाहिले तर नंदिनीचे नाव पहिल्या पानावर नव्हते, दुसऱ्यावर नव्हते, सातव्या पानाच्या तळाशी होते. सातव्या पानापर्यंत कोण जातो? ज्या आईने मूल कडेवर घेऊन फोनवर शोध घ्यायचा, ती पहिल्या दोन नावांना फोन लावते आणि थांबते. हाताशी असलेले काम जानेवारीत संपले. तिन्ही कारागीर उन्हात बसून राहत, आणि उस्ताद तेच ते फर्मे फडक्याने पुसत. एके दिवशी त्यांनी नंदिनीला जवळ बोलावून हळूच सांगितले, "बेटी, होली तक देख लेते हैं। उसके बाद मैं आगरा चला जाऊँगा। हाथ खाली रहे तो बिगड़ जाता है।" नंदिनीने घरी येऊन ते आम्हाला सांगितले आणि ती ताटावरही बसली नाही. उस्ताद गेले म्हणजे कारखाना गेला, हे आम्हा सर्वांना कळत होते. तसा हात गाझियाबादेत दुसरा नव्हता.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवार असूनही कार्यालयीन वेळेला, बरोबर साडेनऊ वाजता वन्सं म्हणाल्या, "सुमेध, ती चारशे नावं मला कागदावर काढून दे." सुमेधने स्क्रीनवर दाखवतो म्हटले. "स्क्रीन उजेडासमोर धरता येत नाही," त्या म्हणाल्या. अडतीस पाने छापून आली. वन्संनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि एका ओळीखाली पट्टी ठेवून दुसरी ओळ झाकत त्या वाचू लागल्या. त्यांना इंग्रजी पत्ते वाचायला वेळ लागे, कित्येक शब्दांचा अर्थही कळत नसे. तरी दुपारच्या चहापर्यंत त्यांनी तीन रंगांच्या खुणा केल्या होत्या. माझी पेपर तपासण्याची कारकीर्द मोठी आहे, पण अशी तपासणी मी पाहिलेली नाही.

"हे बघ," त्यांनी आम्हाला जवळ बसवले. "हा जुगाराचा अड्डा. ही वजन कमी करायची गोळी. ही कुठल्या तरी परक्या लिपीतली साइट. ह्यांच्यापैकी कोणाला लहान मुलांच्या वाकड्या पायांशी देणंघेणं आहे? आणि सगळ्यांचं वाक्य बघ. 'सर्वोत्तम खास बूट स्वस्तात.' चारशे जण, आणि एकच वाक्य, शब्दाला शब्द! तुझ्या वर्गात चाळीस मुलींच्या वहीत एकच निबंध आला असता तर तू काय केलं असतंस?"

"चाळिसांना उभं केलं असतं," मी म्हणाले.

"आणि जिची वही बघून लिहिला, तिला?"

तिलाही आधी उभेच केले असते, हे मला कबूल करावे लागले. मग वन्संनी मंत्रालयातली एक हकीकत सांगितली. त्यांच्याकडे एक अंडर सेक्रेटरी होते, अत्यंत पापभीरू. त्यांची बढती जवळ आली आणि एका आठवड्यात त्यांच्या स्तुतीची एकवीस पत्रे टपालात आली. कोणी सरपंच, कोणी कारखानदार, कोणी मठाचे महंत. "सरकारी नोकरानं बढतीसाठी बाहेरून वशिला लावणं हा कसूर असतो," वन्सं म्हणाल्या. "निंदेची निनावी पत्रं आली असती तर साहेबांनी केराच्या टोपलीत टाकली असती. ही स्तुतीची. संशय कोणावर? त्याच बिचाऱ्यावर, की ह्यानंच लिहवून घेतली असणार. ज्याला त्याची खुर्ची हवी होती, त्यानं बरोबर डोकं चालवलं होतं."

"मग तुम्हाला कसं कळलं, आत्या?" सुमेध आता पुढे सरकून बसला होता.

"गोंदावरून. एकवीस गावांची पाकिटं, आणि सगळी भाताच्या खळीनं चिकटवलेली. खळ एकाच पातेल्यातली. मी पत्रांबरोबर टिपण लावून वर पाठवलं." त्यांनी पट्टीने छापील पानांवर टिचकी मारली. "ही पण एकाच पातेल्यातली आहे. आपल्या नंदिनीच्या नावानं कोणीतरी खोट्या शिफारशी पाठवल्यात. तुमचा सर्चवाला म्हणजे सेक्रेटरी. तो हिला ओळखत नाही, ह्या उस्तादांचा हात त्यानं बघितलेला नाही. त्याच्यापुढे फाइल जाते. फाइलीत चारशे विकाऊ शिफारशी बघितल्या, त्यानं हिला खाली ढकललं. मी असते तर मीही ढकललं असतं."

सुमेध उठला आणि संगणकापाशी गेला. थोड्या वेळाने त्याचे कान लाल झालेले दिसले. शोधयंत्राकडून साइटच्या मालकांना सूचना येण्याची सोय असते. ती सूचना खरोखरच आलेली होती. 'आपल्या साइटकडे अनैसर्गिक लिंक आढळल्या आहेत,' असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पण ती त्याच्या जुन्या पत्त्यावर गेली होती आणि तो पत्ता तो उघडतच नसे.

"किती दिवस झाले?" वन्संनी विचारले.

"तीन आठवडे."

माझ्या नणंदेला मी रागावलेले फार थोड्या वेळा पाहिले आहे. त्या रागावल्या की आवाज चढवत नाहीत, सावकाश बोलतात. "सुमेध. आलेलं टपाल. तीन आठवडे. न उघडता." त्या बिचाऱ्याने मान खाली घातली. त्याच्या कंपनीतल्या कोणत्याही साहेबाने त्याला इतके लहान केले नसेल.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले, आणि ते ज्या रीतीने चालले ते मी इथे मुद्दाम नमूद करते. न जाणो, कोणाला उपयोगी पडेल. वन्संनी लांब रजिस्टर आणवले. प्रत्येक लिंकला आवक क्रमांक. कोणत्या तारखेस दिसली, कुठून आली, काय म्हणते, आपल्या विषयाशी संबंध आहे की नाही. दर सोमवारी नवी यादी काढायची आणि जुनीशी ताडून पाहायची, कारण अचानक आलेली गर्दी हेच पहिले लक्षण. जिथे मालकाचा पत्ता सापडला तिथे लिंक काढून टाकण्याची विनंती. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. जुगाराच्या अड्ड्याला वन्संनी 'महोदय' असेच संबोधले. जे ऐकणार नाहीत, त्यांची यादी शोधयंत्राकडे द्यायची: ह्या शिफारशी आम्ही मागितलेल्या नाहीत, त्या धरू नयेत. साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, नंदिनीचेच नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता. तो कळल्यावर वन्संनी डोळे मिटून घेतले आणि नवा, लांबलचक पासवर्ड ठरवला. तो काय आहे हे आम्हांपैकी फक्त दोघांना सांगितले.

खरे आणि खोटे निवडण्याची त्यांची कसोटी मला सर्वांत विलक्षण वाटली. लखनौच्या डॉक्टरांनी आपल्या पानावर लिहिले होते की बूट उत्तम, पण बक्कल फार घट्ट, लहान मुलाला उघडत नाही. वन्संनी त्यावर हिरवी खूण केली. "खरा माणूस कौतुक करताना एक तरी तक्रार करतो," त्या म्हणाल्या. या कसोटीचा एकदाच घोटाळा झाला. इथल्या महाराष्ट्र मंडळाने आपल्या पानावर नंदिनीचा उल्लेख 'दिल्लीच्या मराठी समाजाची शान' असा केला होता, तक्रारीविना. वन्संनी तो नामंजूर यादीत टाकला. सुमेधने यादी पाठवण्यापूर्वी पाहिले म्हणून निभावले. "आत्या, हे खरे आहेत! खरी शिफारस आपणच काढली तर अजून खाली जाऊ." वन्संनी पान पुन्हा वाचले. "मंडळाचे सेक्रेटरी कोणाचं कौतुक करतात, हे मला नवीनच आहे," त्या म्हणाल्या. पण नाव खोडले, खोडल्याची सही केली, आणि त्या दिवसापासून कोणतीही यादी सुमेधच्या दुसऱ्या सहीशिवाय बाहेर गेली नाही. स्वतःच्या चुकीवर स्वतःच नियम करणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

फेब्रुवारीत लखनौहून डॉक्टरांचा फोन आला. फोन नंदिनीने घेतला आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणत होते की आपल्या कारखान्याच्या नावाने त्यांना एक ईमेल आला आहे: आमचा उल्लेख आपल्या पानावरून कृपया काढून टाकावा. "मैं तो हटाने ही वाला था," ते म्हणाले, "लेकिन देखा, इस पर आपका डिस्पैच नंबर नहीं है। मैंने सोचा, जिस दफ़्तर से बिना नंबर एक चिट्ठी नहीं निकलती, वो ये कैसे भेज देगा?"

नंदिनीने फोन ठेवला. सुमेध तिथेच होता. त्याने सारा प्रकार उलगडून सांगितला. जो कोणी हे करत होता, तो एकीकडे खोट्या शिफारशी पाठवत होता आणि दुसरीकडे आमच्या नावाने पत्रे लिहून खऱ्या शिफारशी काढवत होता. त्याच संध्याकाळी नंदिनीने आमचा उल्लेख करणाऱ्या सर्वांना कळवले की क्रमांकाशिवाय आलेले पत्र आमचे समजू नये. त्या पत्राचा जावक क्रमांक सुमेधने स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिला आणि ते वन्संपुढे धरले. "बरोबर आहे ना, आत्या?" त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि आकडा थोडा सुवाच्य काढायला सांगितले.

सुमेधला हे करणारा कोण, याचा अंदाज आला होता. त्याच सुमारास असेच बूट करणाऱ्या दुसऱ्या एकाचे नाव पहिल्या पानावर चढले होते. "आत्या, चारशे लिंक विकत घ्यायला काय लागतं? आपण पण त्याच्या नावावर टाकू. एका आठवड्यात तो पण सातव्या पानावर!"

"पुरावा?"

"पुरावा नाही, पण दिसतंय ना सरळ!"

"मला पण दिसतंय," वन्सं म्हणाल्या. "त्याच्याकडेही कोणाच्या तरी पोराचा बूट शिवायला पडला असेल. ती आई कुठे जाईल?"  वन्संनी रजिस्टरात तपशील लिहिला, संशयिताच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि पान उलटले. त्या आडव्या रेघेकडे पाहताना मला शाळेतली सगळी नागरिकशास्त्राची पुस्तके पोकळ वाटली.

होळी आली तेव्हा नंदिनीचे नाव चौथ्या पानावर होते. चौथे पानही कोणी उघडत नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी उस्तादांनी आपली हत्यारे तेल लावून कापडात गुंडाळली. कारागीर रेल्वेच्या वेळा विचारू लागले. नंदिनी दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. तिला त्यांना थांबवता येईना आणि जा म्हणवेना. वन्सं आपल्या खुर्चीवरून उठल्या आणि उस्तादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उभे राहणे जड जाते.

"उस्ताद, पंद्रह दिन की एक्सटेंशन मंज़ूर कीजिए।"

उस्ताद ओशाळले. "बुआजी, एक्सटेंशन तो अफ़सर देते हैं। हम तो मोची आदमी हैं।"

"फ़ाइल आपके सामने है, तो अफ़सर आप ही हुए। मैं चौंतीस साल दस्तख़त करवाने जाती रही हूँ, मुझे मालूम है कब रुकना चाहिए, कब नहीं। अभी रुकना चाहिए।"

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिले, मग गुंडाळलेल्या हत्यारांकडे. "पंद्रह," ते म्हणाले आणि कापडाची गाठ सोडली. कारागिरांपैकी एक हसून म्हणाला, "लो भई, छुट्टी कैंसल।"

पंधरा दिवसांपैकी अकरावा दिवस होता. सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला तेव्हा जवळ वन्संच होत्या. पलीकडे रेवाडीची एक बाई होती. मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीचे डावे पाऊल आत वळलेले होते. वन्संनी तिला कोणत्या मेट्रोने यायचे, कुठे उतरायचे, शेअर ऑटोवाल्याला काय सांगायचे, हे दोनदा सांगितले आणि तिच्याकडून एकदा म्हणवून घेतले. दुसऱ्या दिवशी तिची सुटी होती. ती दुपारी मुलीला घेऊन आली. उस्तादांनी ते छोटे पाऊल तळहातावर घेतले तशी मुलगी गुदगुल्या होऊन खिदळू लागली; उस्तादही हसले, कित्येक आठवड्यांनी. नंदिनी मापे लिहून घेत होती.

वन्संनी त्या बाईला पाणी दिले आणि विचारले, "आपने हमारा पता कहाँ से पाया?"

"फ़ोन में ढूँढा था, माँजी। सबसे पहले आप ही का नाम आया।"

"सबसे पहले? दूसरे नंबर पर तो नहीं?"

"नहीं जी, सबसे ऊपर।"

वन्सं रजिस्टरपाशी येऊन बसल्या. त्यांनी पेनाचे टोपण काढले, परत लावले. मला वाटले त्यांना रकाना सापडत नसेल, म्हणून मी विचारले, "वन्सं, नोंद करू का मी?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं मी टपाल पाठवलं गं. लाखांनी पाठवलं असेल. पोचलं म्हणून सांगायला कधी कोणी आलं नव्हतं."

उस्ताद त्यानंतर आग्र्याला गेले ते फक्त ईदला. शोधयंत्राने आम्हाला वर का घेतले, यादीमुळे, पत्रांमुळे की आपले आपणच, हे त्याने कधी कळवले नाही. सुमेध म्हणतो ते कोणालाच कळवत नाहीत. वन्संना मात्र दिल्लीचा हिवाळ्यातला धूर सोसेना. दोन वर्षांपूर्वी त्या धाकट्या दिरांकडे सांगलीला राहायला गेल्या. आता लिंकांवर नजर ठेवायला सुमेधने एक प्रोग्राम बसवला आहे. काही संशयास्पद दिसले की क्षणात त्याच्या फोनवर घंटी वाजते, आणि माझ्या मते तो प्रोग्राम वन्संपेक्षा फारसा कमी नाही. तरीही दर सोमवारी दुपारी मी नवी यादी छापून घेते आणि सांगलीला फोन लावते. मी वर्गात गणित वाचून दाखवत असे तसा सावकाश एकेक पत्ता वाचते. त्या पलीकडून 'ठेव' म्हणतात किंवा 'काढ' म्हणतात. अलीकडे त्यांना ऐकू कमी येते, म्हणून कधी कधी एकच ओळ मला तीनदा वाचावी लागते. बहुतेक सोमवारी यादीत पाचसहाच नावे असतात. ती पाच मिनिटांत संपतात. मग "झालं?" असे त्या विचारतात. मी म्हणते, "झालं, वन्सं." आणि त्यानंतर बराच वेळ फोन कोणीच ठेवत नाही.